दहांतली सात दुकानाची, तीन आपली



आषाढ पौर्णिमेची गोष्ट. विहारात वंदना आटोपली, खीर वाटून झाली आणि आम्ही दाराशी चपला शोधत होतो. तेवढ्यात वस्तीतल्या एका हमालभाऊंची मुलगी पुढे आली. म्हणाली, "काका, तुम्ही पेपरात पोलीस भरतीचं लिहिता, बँकेच्या परीक्षेचं लिहिता. आमच्यासारख्या दुकानात काम करणाऱ्यांसाठी कधी लिहिणार?"

मुलगी बारावी पास. धुळ्यातल्या एका पुस्तकांच्या दुकानात तीन वर्षांपासून काउंटरवर उभी राहते. दुकानाचे नाव आम्ही सांगणार नाही, त्याची गरजही नाही. जवळच्या कापडाच्या दुकानातून तिला बोलावणे आले होते. महिन्याला पंधराशे रुपये जास्त मिळणार होते. आई म्हणे, सोड ते पुस्तकांचे. वडील म्हणत, पुस्तकांत आहेस तर राहा. त्यातच एक भानगड झालेली. साडेसहाशे रुपयांचे एक पुस्तक कपाटातून गेले, त्याची विक्री वहीत नव्हती, आणि ते पैसे तिच्या पगारातून कापले गेले. हे सांगताना ती रडली नाही. एवढेच म्हणाली, "काका, पैशाचं जाऊ द्या. पण मी चोर आहे का?"

आमच्याकडे लगेच उत्तर नव्हते. आम्ही कारकून माणूस, बी.कॉम. झालेला, जमाखर्च जाणणारा. पण पुस्तकाच्या धंद्यात आमचे स्वतःचेच हात पोळलेले होते. ते आधी सांगतो, मग सल्ल्याकडे वळतो.

धुळ्याजवळ मुंबई-आग्रा रस्त्यावर लळिंगचा किल्ला आहे. तिथल्या कुरणातल्या लांडोर बंगल्यात ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब मुक्कामाला होते. कोर्टाच्या कामासाठी ते धुळ्याला आले होते. त्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला खान्देशातून हजारो माणसे तिथे जमतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने तिथे पुस्तकांचा स्टॉल लावला. आम्ही उत्साहाने जाडजूड ग्रंथ मागवले. लोक काय मागत होते? वंदनेची छोटी पुस्तिका, बावीस प्रतिज्ञा, लहान मुलांसाठी चित्रांचे चरित्र. ते आमच्याकडे थोडेच होते. दुपारी पावसाची सर आली, ताडपत्री अपुरी पडली आणि खालच्या थरातली पुस्तके भिजली. संध्याकाळी मंडळाचेच कार्यकर्ते एकेक ग्रंथ काखेत घालून निघाले. म्हणाले, "भाऊ, लिहून ठेवा, पैसे नंतर देतो." आम्ही लिहून ठेवले. ती वही आजही आमच्या कपाटात आहे. पैसे आलेले नाहीत.

घरी येऊन हिशेब मांडला तेव्हा डोळे उघडले. तोच हिशेब इथे मांडतो, कारण पुस्तकाच्या दुकानात काम करणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला तो तोंडपाठ हवा.

समजा एका पुस्तकाची छापील किंमत २०० रुपये आहे आणि वितरक दुकानाला ३० टक्के कमिशन देतो. म्हणजे एक प्रत दुकानाला १४० रुपयांना पडली. दहा प्रती घेतल्या तर १,४०० रुपये गेले. हे १,४०० रुपये परत यायला किती प्रती विकाव्या लागतात? सात. दहांतली पहिली सात पुस्तके विकून फक्त घातलेले पैसे निघाले. उरलेली तीन पुस्तके आपली. दुकानाचे भाडे, वीजबिल, गाडीभाडे, नोकरांचा पगार आणि मालकाचे घर या तिनांतून चालते.

आता गिऱ्हाइकाला १० टक्के सूट दिली तर? पुस्तक १८० रुपयांना गेले. मग १,४०० रुपये भरून यायला आठ पुस्तके विकावी लागतात. तिनांतली दोनच राहिली. त्यात एक भिजले आणि एक उधारीवर गेले की हातात काही नाही. आमच्या स्टॉलवर सूटही दिली, पुस्तकेही भिजली आणि उधारीही झाली. तरी आम्ही म्हणत होतो, समाजकार्य झाले! समाजकार्य कसले? पुढच्या वर्षी स्टॉल लावायला मंडळाकडे पैसेच उरले नाहीत. गेल्या वर्षी लळिंगला आमची जागा रिकामी होती.

आमच्या समाजाला पुस्तक विकण्याची लाज नाही, उलट अभिमान आहे. पण हिशेबाची मात्र आम्हांला लाज वाटते. पुस्तक म्हणजे चळवळ, त्यात पैसा कशाला आणायचा, असे आपण बोलतो. बाबासाहेबांनी तसे केले नाही. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले भाषण मंडळाला पचले नाही. तेव्हा १९३६ साली बाबासाहेबांनी ते स्वतःच पुस्तकरूपाने छापले. इंग्रजी आवृत्तीच्या १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. ही नोंद त्यांनीच १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत केली आहे, आणि कोणकोणत्या भाषांत भाषांतरे झाली व होत आहेत तेही तिथे लिहिले आहे. किती प्रती गेल्या, किती दिवसांत गेल्या, आणखी कोणत्या भाषेत मागणी आहे, हे ज्याला माहीत असते तो पुस्तकाचा बाजार जाणतो. गिऱ्हाईक म्हणूनही त्यांचा हात मोठा होता. न्यूयॉर्कच्या मुक्कामात त्यांनी सुमारे दोन हजार जुनी पुस्तके जमवल्याचे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. पुढे दादरला 'राजगृह' बांधले तेही या ग्रंथांना जागा व्हावी म्हणून.

आपल्या भागातलेही उदाहरण आहे. प्रा. विलास वाघ मूळचे धुळ्याजवळच्या मोराण्याचे. पुण्यात प्राध्यापकी करता करता त्यांनी आणि उषाताई वाघ यांनी 'सुगावा प्रकाशन' चालवले. सदाशिव पेठेत चित्रशाळेच्या इमारतीत त्यांचे पुस्तकांचे दुकान होते. फुले-आंबेडकरी विचारांची, दलित साहित्याची पुस्तके पुण्याच्या मध्यवस्तीत मिळण्याचे ते ठिकाण झाले. २०२१ च्या मार्च महिन्यात वाघ सर गेले. खान्देशच्या एका खेड्यातला मुलगा पुण्याच्या पेठेत पुस्तकांचे दुकान मांडतो आणि अनेक वर्षे टिकवतो, हे नुसत्या भावनेवर होत नाही. तिथे रोज बिले फाडावी लागतात आणि रोज वसुली करावी लागते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. या नोकरीत पुढे काही आहे का?

आमचे मत असे की, जो मुलगा नुसती पुस्तके उचलून देतो त्याला पुढे फारसे काही नाही. जो पुस्तक जाणतो त्याला आहे. कापडाच्या दुकानातल्या विक्रेत्याला पोत आणि रंग कळावा लागतो. पुस्तकाच्या विक्रेत्याला आत काय आहे ते कळावे लागते. गिऱ्हाईक येऊन म्हणते, "ते बुद्धांचं बाबासाहेबांनी लिहिलेलं द्या." मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर निघाला. त्याची मराठी भाषांतरे आहेत, निरनिराळ्या प्रकाशनांच्या निरनिराळ्या किमतींच्या प्रती आहेत. गिऱ्हाइकाला इंग्रजी हवे की मराठी, वाचायला हवे की लग्नात भेट द्यायला, म्हातारे डोळे असतील तर अक्षर मोठे हवे का, हे दोन प्रश्नांत जाणून घेऊन नेमकी प्रत हातात देणे हीच या धंद्याची विद्या. मग ते गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही.

बाजाराची खबरही ठेवावी लागते. सध्याच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट कराची. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हापासून छापील पुस्तकांवर कर नाही. वह्यांवर मात्र होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर आणि नकाशे यांवरचाही कर शून्य झाला. गिऱ्हाईक विचारते, "मग वही स्वस्त का नाही?" त्या वेळी काउंटरवरच्या माणसाला उत्तर देता आले पाहिजे.

दुसरी गोष्ट पुरवठ्याची. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा पहिला खंड काढला. वसंत मून यांनी त्या कामासाठी आयुष्य वेचले. या खंडांना मागणी सदैव असते, पण प्रती मिळत नाहीत. हे छपाईचे काम रखडल्याची दखल मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये स्वतःहून घेतली होती. म्हणून शासकीय ग्रंथागारात कोणता खंड आला, कोणता संपला, याची चौकशी जो दुकानदार दर महिन्याला करतो त्याच्याकडे गिऱ्हाईक चालत येते.

तिसरी गोष्ट सुटीची, म्हणजे डिस्काउंटची. बार्टीसारखी शासकीय संस्था दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर मोठ्या सवलतीत पुस्तके देते. ऑनलाइनवालेही सूट देतात. त्यांच्याशी सुटीत स्पर्धा करायला गेलो तर वर सांगितलेली तीन पुस्तके तीन दिवसांत संपतील. आपली स्पर्धा माहितीत आणि ओळखीत. "ताई, मागच्या वेळी तुम्ही मुलासाठी गणिताचं नेलं होतं, पुढचा भाग आलाय," असा फोन ऑनलाइनवाला करत नाही.

चौथी गोष्ट दिनदर्शिकेची. पुस्तकाचा धंदा बारा महिने सारखा नसतो. जूनमध्ये शाळेची पुस्तके आणि वह्या. १४ एप्रिल, ३१ जुलै, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर हे आपले दिवस. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. शाळा-कॉलेजे या दिवसांसाठी आठ-पंधरा दिवस आधी खरेदी करतात. शिवाय जिल्ह्याचा ग्रंथोत्सव असतो, साहित्य संमेलने असतात. १९८४ साली जळगावच्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी आपले शंकरराव खरात होते. आमचे वडील ती गोष्ट फार कौतुकाने सांगत. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला तर अखिल भारतीय आणि विद्रोही अशी दोन्ही संमेलने भरली. अशा वेळी माल आधी मागवणारा कमावतो. दुसऱ्या दिवशी धावपळ करणारा हात चोळत बसतो.

आता दुकानात काम करणाऱ्या आमच्या मुलामुलींसाठी काही रोकड्या सूचना.

एक. खिशात छोटी वही ठेवा. गिऱ्हाइकाने मागितलेले आणि दुकानात नसलेले प्रत्येक पुस्तक तारखेसह लिहा. महिन्याच्या शेवटी ती यादी मालकापुढे ठेवा. पगारवाढ मागण्याआधी ही यादी बोलू द्या.

दोन. पुस्तकाच्या मागे आयएसबीएन क्रमांक असतो. २००७ पासून तो तेरा अंकी आहे. मागणी नोंदवताना नावाबरोबर हा क्रमांक लिहिण्याची सवय लावा. एकाच नावाची चार पुस्तके असली तरी चुकीची प्रत येत नाही आणि परत पाठवण्याचा खर्च वाचतो.

तीन. दर आठवड्याला दुकानातले एक पुस्तक वाचा. निदान प्रस्तावना, अनुक्रमणिका आणि पाठीमागचा मजकूर तरी. मालकाला विचारून घरी न्या, नोंद करून न्या, न मळवता परत आणा.

चार. संगणकावर मराठी टायपिंग आणि टॅलीवर बिल करणे शिका. सार्वजनिक ग्रंथालये, शाळा यांची खरेदी कोटेशन आणि बिलावर चालते. बिनचूक बिल करणारा माणूस दुकानाला सोडवत नाही.

पाच. ग्रंथालय संचालनालयाचा ग्रंथालय प्रमाणपत्र अभ्यासक्रम जिल्हा पातळीवर चालतो. त्याची चौकशी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करा. काम करता करता पदवी घ्यायची तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. दुकानातला अनुभव आणि हातात प्रमाणपत्र असले की ग्रंथालयाचेही दार उघडते.

सहा. स्वतःचे छोटे दुकान टाकायची हिंमत असेल तर महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात बीजभांडवल योजनेची माहिती घ्या. पण आधी कोणाच्या तरी दुकानात दोन जून महिने काढा. दुसऱ्याच्या पैशावर जे शिकता येते ते कर्जाच्या पैशावर शिकू नका.

सात, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. आपला हक्क कागदावर घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, त्यांत नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे. माल गहाळ झाला म्हणून पगारातून कपात करायची असेल, तर तो माल त्या कामगाराच्या ताब्यात दिलेला असला पाहिजे, नुकसान त्याच्याच हयगयीने झालेले असले पाहिजे आणि कपातीआधी त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. मालकाने मनात आणले आणि कापले, असे चालत नाही. पण भांडायला जाण्याआधी आपली नोंद चोख हवी.

त्या मुलीला आम्ही एवढेच सांगितले की, "माय, आधी वही तपास. चोर ठरायचं की नाही ते वही ठरवेल." तिने मालकाला साध्या भाषेत अर्ज लिहिला. दोन संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर ती आणि दुकानातला जुना माणूस मिळून नोंदी बघत बसले. तिसऱ्या दिवशी उलगडा झाला. ते पुस्तक एका शाळेत पसंतीसाठी म्हणून पाठवले होते, पाठवणाऱ्याने नोंद केली नव्हती. पुस्तक शाळेच्या कपाटात तसेच पडून होते. मालकांनी साडेसहाशे रुपये परत दिले आणि चूक कबूल केली, याबद्दल त्यांचेही आभार मानले पाहिजेत. बाहेर जाणाऱ्या पुस्तकांची नोंदवही तेव्हापासून तिच्याकडे आहे. पगार सातशे रुपयांनी वाढला. कापडदुकानाच्या पगारापेक्षा तो अजून आठशेने कमीच आहे, आणि तिची आई अजून नाराज आहे. आईचे चूक आहे असे आम्ही म्हणणार नाही. घर तिला चालवायचे असते. मुलगी म्हणाली, "काका, एक वर्ष बघते. प्रमाणपत्राचा फॉर्म भरणार आहे." निर्णय तिचा आहे.

त्याच महिन्यात ३१ जुलैचा स्टॉल मंडळाने तिच्या हाती दिला. अट तिचीच होती. उधारी नाही, कोणालाच नाही. मोठे ग्रंथ तिने मोजकेच घेतले, तेही न विकलेल्या प्रती परत करायच्या बोलीवर. वंदनेच्या पुस्तिका आणि मुलांची चित्रचरित्रे भरपूर घेतली. प्रत्येक थर प्लास्टिकमध्ये बांधला. सुटे पैसे आणले, मोबाइलवर पैसे घेण्याचा फलक लावला. शिरपूरकडच्या एक आजीबाई आल्या. पुस्तक उलटे धरून चित्र बघत होत्या. मुलीने हळूच ते सुलट करून दिले. आजी म्हणाल्या, "माले वाचता येत नही, पन मना नातू वाचस." नातू कितवीत आहे हे विचारून मुलीने त्याच्या इयत्तेला झेपेल असे पुस्तक दिले, तेही आजींनी धरलेल्या पुस्तकापेक्षा वीस रुपयांनी स्वस्त. आजींनी लुगड्याच्या गाठीतून पैसे काढले. आम्ही मागे उभे राहून बघत होतो. पाऊस त्या दिवशी दोनदा आला. एकही पुस्तक भिजले नाही. सगळा खर्च जाता १,१४० रुपये मंडळाच्या पेटीत पडले. रक्कम मोठी नाही, पण येत्या वर्षी स्टॉल लागणार हे नक्की झाले.

आवराआवर चालली असताना आम्हांला एक ग्रंथ आवडला. खिशात पैसे कमी होते. सवयीने आम्ही पुस्तक काखेत घातले आणि म्हणालो, "लिहून ठेव माय, उद्या देतो."

तिने आमच्याकडे पाहिले, हसली आणि पुस्तक अलगद काढून घेतले. म्हणाली, "काका, हे तिनांतलं आहे."

आम्ही शेजारच्या चहावाल्या भाऊंकडून उसने पैसे घेतले आणि पुस्तक रोखीने विकत घेतले. आता ज्या कार्यकर्त्यांची नावे आमच्या जुन्या वहीत आहेत, त्यांनीही हा लेख वाचून विहारात येताना पाकीट बरोबर आणावे, ही नम्र विनंती.

जयभीम.